न्यूरोफीडबॅकचा गुण किती दिवस टिकतो? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी सांगलीत मुलांसाठी आणि थोड्याफार मोठ्यांसाठी न्यूरोफीडबॅकची, म्हणजे स्वतःच्या मेंदूच्या लाटा स्क्रीनच्या मदतीनं वळवायला शिकवायची, सेशन घेते; बहुतेक मुलं लक्ष लागत नाही म्हणून येतात. तासगाव, जत, आटपाडी, मिरज, अधूनमधून कराडकडूनही लोक येतात. प्रश्न बहुतेक रात्री दहानंतर, पोरं झोपली की व्हॉट्सॲपवर येतात. त्यातले निम्मे एकाच गोष्टीभोवती फिरतात: हे टिकणार का? तेच तेच पुन्हा टाइप करण्यापेक्षा एकदा नीट लिहून काढलं. प्रश्नांची भाषा शक्यतो विचारणाऱ्यांचीच ठेवलीय. हे माझं पोटापाण्याचं काम आहे, तेव्हा माझं बोलणंही पारखूनच घ्या.

१. मॅडम, यात नक्की करतात काय? मेंदूला करंट देतात का?

नाही. करंट आत जात नाही. मेंदूतून बाहेर येणारे संकेत फक्त टिपले जातात, आणि ते इतके क्षीण असतात की मायक्रोव्होल्टमध्ये मोजावे लागतात. टाळूवर एक-दोन ठिकाणी आणि कानाच्या पाळ्यांवर पेस्ट लावून छोट्या चकत्या बसवायच्या, समोर स्क्रीनवर कार्टून किंवा गेम लावायचा. मेंदूच्या या संकेतांच्या लाटा ठरवलेल्या दिशेनं गेल्या की चित्र उजळतं, भरकटल्या की मंद होतं. मुलाला ‘असं कर’ म्हणून कोणी सांगत नाही. चित्र उजळ ठेवायची खटपट करता करता त्याचं त्यालाच काहीतरी जमायला लागतं.

लक्ष लागत नसलेल्या मुलांमध्ये साधारणपणे थीटा, म्हणजे सेकंदाला ४ ते ८ वेळा हेलकावणाऱ्या लाटा, कमी आणि १३ च्या पुढच्या बीटा जास्त करायचा प्रयत्न असतो. काही ठिकाणी १२ ते १५ ची लय वाढवतात, काही ठिकाणी अगदी संथ बदल शिकवतात.

आणि हो, येताना केसांना तेल लावू नका. आज्या नातवाला चापून तेल लावून पाठवतात, मग पेस्ट धरत नाही आणि अर्धा वेळ डोकं पुसण्यात जातो.

२. एका वाक्यात सांगा ना, गुण किती टिकतो?

पूर्ण ट्रेनिंगनंतर ज्यांना खरोखर फरक पडला, त्यांच्यात तो सहा महिने ते वर्षभर टिकल्याचं संशोधनात दिसलंय, काही मोजक्या लोकांचा मागोवा त्याहून पुढेही घेतला गेलाय, पण ‘आयुष्यभर’ हा शब्द कोणी वापरला तर पाकीट खिशातच ठेवा.

एका वाक्यात एवढंच बसतं. पुढचं समजायला मिरजेच्या सतारमेकर गल्लीत चला. तंबोरा सुरात लावला की तो हवा बदलेपर्यंत सुरात राहतो, संध्याकाळी खुंटी पुन्हा पिळावी लागते. जवारी, म्हणजे तारा टेकतात त्या घोडीचा माथा घासून साधलेला गुंजारव, एकदा काढली की महिनोन्‌महिने चालते, पण वाजवून वाजवून घोडीवर खाचा पडल्या की परत कारागिराकडे न्यावीच लागते. भोपळा मात्र आहे तोच राहतो. एका सेशननंतरचा शांतपणा खुंटीसारखा असतो. पूर्ण ट्रेनिंगनं साधलंच तर जवारीसारखं काही साधतं. भोपळा, म्हणजे मुलाचा मूळ स्वभाव, कोणीच बदलत नाही, आणि बदलूही नये.

३. गोळीचा असर संध्याकाळी उतरतो. मग याचा का उतरत नाही?

गोळी रक्तात असेपर्यंत काम करते. लक्षासाठी देतात ती मिथाइलफेनिडेट साध्या प्रकारात साधारण चार तास चालते, लांब पल्ल्याची आठ ते बारा तास. औषध शरीराबाहेर गेलं की काम थांबलं. न्यूरोफीडबॅकमागची कल्पना शिकण्याची आहे: ज्या कृतीला बक्षीस मिळतं ती पुन्हा पुन्हा घडते आणि हळूहळू अंगवळणी पडते.

या कल्पनेचं मूळ मांजरांत आहे. १९६० च्या दशकात अमेरिकेत बॅरी स्टर्मन यांनी मांजरांना एका ठराविक मेंदूलयीसाठी बक्षीस द्यायला सुरुवात केली, आणि ती लय मांजरं मनानं वाढवायला शिकली. नंतर रॉकेटच्या इंधनानं आकडी येते का हे तपासायचं वेगळंच काम त्यांच्याकडे आलं, त्यात योगायोगानं ही शिकलेली मांजरंही वापरली गेली. इतर मांजरांच्या मानानं ती आकडीपुढे जास्त तग धरून राहिली. बक्षीस बंद झालं तरी आधी शिकलेलं शिल्लक होतं. ‘टिकतं’ या दाव्याची सुरुवात इथली.

पण मांजरावरून थेट तुमच्या चौथीतल्या पोरापर्यंत उडी मारू नका. आणि गोळीला कमी लेखण्याचंही कारण नाही: तिचा असर कमी तासांचा, पण त्याचा पुरावा न्यूरोफीडबॅकपेक्षा कितीतरी पक्का आहे. तिलाही मर्यादा आहेतच. १९९९ साली निकाल आलेल्या अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत ५७९ मुलं होती. १४ महिने काटेकोरपणे औषध दिलेल्या गटाची इतर गटांवरची आघाडी तिसऱ्या वर्षापर्यंत विरून गेली. उपचार थांबला किंवा सैलावला की आघाडी ओसरते, हा सगळ्यांचाच अनुभव.

४. किती सेशन झाल्यावर टिकाऊ म्हणायचं? दहाचं पॅकेज घेतलं तर चालेल?

लक्षासाठी ३० ते ४० सेशन, आठवड्याला दोन-तीन, असा रिवाज आहे. बहुतेक संशोधनही याच पट्ट्यातलं आहे. दहा सेशनमध्ये मूल खुर्चीत स्थिर बसायला शिकतं, हे खरं. टिकाऊ फरकाचा आधार मात्र दहावर उभा नाही. परवडत नसेल तर दहा करून सोडण्यापेक्षा तेच पैसे डोळे तपासायला, चांगल्या बालमानसोपचारतज्ज्ञाला आणि शाळेशी बोलण्यात घाला. हे मी माझ्या धंद्याविरुद्ध सांगतेय, पण खरंय.

५. पहिल्याच दिवशी पोरगा शांत झोपला. लागू पडलं ना?

जतहून एसटीनं सांगली, तिथून रिक्षा, मग अर्धा-पाऊण तास एकाग्र होऊन बसणं, येताना भेळ, परत एसटी. कोणीही शांत झोपेल. सेशननंतर काही तास हलकं किंवा थकल्यासारखं वाटतं, दुसऱ्या दिवशी काही उरत नाही. त्यावर आनंद मानू नका आणि घाबरूही नका. पहिला अंदाज पंधरा-वीस सेशनच्या पुढेच.

६. संशोधन काय म्हणतं ते साध्या भाषेत सांगा. किती वर्षांपर्यंत पाहिलंय?

हा प्रश्न विचारणाऱ्यांचा मला आदर वाटतो, म्हणून जरा सविस्तर.

आधी चांगली बाजू. २०१९ मध्ये एडीएचडीवरच्या, म्हणजे लक्ष न लागणं आणि अतिचंचलपणा यांवरच्या, दहा चाचण्या एकत्र करून कोणीतरी नेमका हाच प्रश्न विचारला: ट्रेनिंग संपल्यावर काय होतं? न्यूरोफीडबॅक घेतलेली २५६ मुलं त्यात होती, आणि त्यांना ट्रेनिंगनंतर दोन महिने ते एक वर्ष या काळात पुन्हा तपासलं होतं. लक्षातली सुधारणा टिकलेली दिसली, उलट थोडी वाढलेलीच. चुळबुळ कमी झाली तीही बऱ्यापैकी टिकली. जर्मनीत ट्युबिंगनच्या गटानं २३ मुलांना दोन वर्षांनी परत बोलावलं. सुधारणा होतीच, शिवाय मुलांना लाटा वळवायचं कसबही अजून येत होतं. केंद्रांच्या पत्रकांवर हेच आकडे फिरतात.

आता दुसरी बाजू, जी पत्रकावर नसते. त्या बेरजेतला बराचसा अंदाज आईवडिलांनी भरलेल्या तक्त्यांवर होता, आणि आपण काय घेतोय हे त्या आईवडिलांना माहीत होतं. चाळीस वेळा सांगलीला येऊन गेलेली आई ‘काहीच फरक नाही’ असं लिहायला धजत नाही, हे मी रोज बघते. २०१६ च्या एका विश्लेषणात नेमकं हेच दिसलं: माहितगार माणसांना विचारलं की फरक दिसतो, ज्यांना काही माहीत नाही अशांना विचारलं की तो जवळपास विरघळतो. डिसेंबर २०२४ मध्ये ३८ चाचण्या आणि २,४७२ जणांचा हिशेब प्रसिद्ध झाला. माहीत नसलेल्यांच्या नजरेतून एडीएचडीच्या लक्षणांत एकंदर म्हणण्यासारखा फायदा त्यात सापडला नाही. जुन्या रुळलेल्या पद्धतींमध्ये थोडासा दिसला, आणि माहिती हाताळायच्या वेगात थोडासा.

या दोन बाजू एकमेकींशी भांडतात असं वाटेल. त्या कशा जुळतात ते पुढच्या उत्तरात.

७. म्हणजे फरक टिकतो, पण मशीनमुळे नाही? हे कसं काय?

अमेरिकेतली एक चाचणी इथे समजून घ्या. सात ते दहा वर्षांची १४४ मुलं, प्रत्येकी ३८ सेशन. काहींना खरं न्यूरोफीडबॅक, बाकीच्यांना खोटं: स्क्रीनवर त्यांच्या नव्हे, दुसऱ्याच मुलाच्या आधी टिपलेल्या लाटा. कोणाला काय मिळतंय हे ना मुलांना ठाऊक, ना घरच्यांना, ना सेशन घेणाऱ्यांना. शेवटी दोन्ही गटांत भरघोस सुधारणा झाली. १३ महिन्यांनी पाहिलं तेव्हाही ती दोन्ही गटांत टिकलेली होती. फरक काय तो एवढाच की खऱ्या गटातल्या मुलांना तोवर औषध थोडं कमी लागत होतं. मुख्य कसोटीवर दोघं बरोबरीत.

म्हणून टिकणं आणि मशीनमुळे होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘सहा महिने झाले, अजून चांगलाय’ हा मशीनचा पुरावा होत नाही. ३८ वेळा ठरल्या वेळी एका खुर्चीत बसणं, चुळबुळ केली तर चित्र अंधारतं हे शिकणं, एक मोठं माणूस पाऊण तास फक्त आपल्याकडे बघतंय आणि चुकलं तरी ओरडत नाही, झोपेच्या वेळा पाळल्या जातायत, येता-जाता वडील मोबाईल ठेवून बोलतायत. या सगळ्यांनी पोरगं बदलतं, आणि हे बदल टिकाऊ असतात. शिवाय तोपर्यंत ते वर्षभरानं मोठं झालेलं असतं. लोक उपचाराला येतात तेही सगळ्यात वाईट दिवसांत, शाळेतून तक्रार आली की लगेच. त्या टोकावरून थोडं खाली येणं आपोआपही घडतं.

मग मी हे काम का करते? कारण काही मुलांत मला लाटांसोबत वागणं हलताना दिसतं, आणि ज्यांना औषध सोसत नाही त्यांच्यापुढे पर्याय थोडे असतात. पण हे आईवडिलांना आधी सांगून. ऐकून चारातला एक उठून जातो, आणि मला त्याचा राग येत नाही.

८. ट्रेनिंग संपून दोन महिने झाले आणि आता जास्त फरक वाटतोय. असं होतं का?

होतं, आणि हा तुमच्या मनाचा खेळच असेल असं नाही. एमआरआयमध्ये झोपवून केलेल्या न्यूरोफीडबॅकच्या काही अभ्यासांत २०१८ मध्ये संशोधकांनी तारखा लावून पाहिलं, तर लक्षणं ट्रेनिंग संपल्यावरही काही आठवडे सुधारत गेलेली दिसली. प्रश्न ६ मधल्या बेरजेतही लक्षाचा आकडा मागाहून वाढला होता. शिकलेलं मुरायला वेळ लागतो, लोणच्यासारखं. म्हणून शेवटच्या सेशनच्या दिवशी निकाल लावू नका, तीन महिने थांबा. पण उलटही खरं: शेवटच्या दिवशी शून्य फरक असताना ‘नंतर येईल’ या आशेवर आणखी वीस सेशन कोणी गळ्यात मारत असेल तर घेऊ नका.

९. लाटाच बदललेल्या राहतात का? पुन्हा ईईजी (मेंदूच्या लाटांचा आलेख) काढून कळेल?

कधीकधी राहतात, पण त्यावरून फार काही कळत नाही. धडधाकट लोकांवरच्या एका प्रयोगात कपाळामागची बीटा वाढवायला शिकवली, आणि तीन वर्षांनीही ती वाढलेली सापडली. पण विचारशक्तीच्या चाचण्यांमध्ये त्याचा काही फायदा दिसला नाही. आलेख बदलला, माणूस तोच. रंगीत नकाशे दाखवून ‘बघा, लाल होतं ते हिरवं झालं’ म्हटलं जातं तेव्हा हे आठवा. तुम्ही आलात ते वही अर्धवट राहते म्हणून. वही बघा.

१०. आकडीसाठी घेतलं तर किती टिकतं? भावाला महिन्यातून तीन-चार वेळा फिट येते.

या विषयातला सगळ्यात लांब मागोवा आकडीचाच आहे. ट्युबिंगनमध्येच, औषधांनी आटोक्यात न येणाऱ्या रुग्णांना मेंदूतले संथ बदल ताब्यात ठेवायला शिकवलं होतं. सुमारे दहा वर्षांनी त्यातल्या काहींना परत बोलावलं तर फिट्स कमीच होत्या, आणि कसबही पुष्कळ शिल्लक होतं. ऐकायला भारी वाटतं. पण परत आलेले थोडेच होते, आणि ज्यांना गुण आला तेच परत यायला तयार झाले असण्याची शक्यता आहेच.

ही मात्र धमकीच समजा: फिटच्या गोळ्या एका दिवसासाठीही आपल्या मनानं बंद करायच्या नाहीत. अचानक तोडल्या की एकामागून एक, न थांबणाऱ्या आकड्या येऊ शकतात आणि त्यात जीव जातो. फिट पाच मिनिटांत थांबली नाही तर कसलीही वाट न बघता दवाखाना. न्यूरोफीडबॅक करायचंच असेल तर न्यूरॉलॉजिस्टच्या संमतीनं, गोळ्या चालू ठेवून.

११. झोप, चिंता, डोकेदुखी यांचं काय?

निद्रानाशावर ऑस्ट्रियात २०१७ मध्ये नीट चाचणी झाली. खऱ्या आणि खोट्या, दोन्ही ट्रेनिंगनं लोकांना सारखंच बरं वाटलं. टिकण्याचा प्रश्न त्याच्यापुढचा. चिंतेत आणि डोकेदुखीत बरं वाटल्याचं बरेच जण सांगतात, पण लांबचा मागोवा फार तोकडा आहे. झोपेसाठी मी कोणालाही न्यूरोफीडबॅकपासून सुरुवात करायला सांगत नाही.

१२. एवढं करून गोळ्या कधी सुटतील?

ते मी ठरवत नाही, ट्रेनिंग घेणाऱ्या कोणीच ठरवू नये. लिहून देणाऱ्या डॉक्टरांशी बोला, आणि तेही ट्रेनिंग संपून दोन-तीन महिने गेल्यावर, शाळा चालू असताना. उन्हाळ्याच्या सुट्टीत गोळी कमी केली की सगळं झकास दिसतं, कारण अभ्यासच नसतो. जूनमध्ये पितळ उघडं पडतं. आकडीच्या गोळ्यांसाठी प्रश्न १० वाचा, पुन्हा वाचा.

१३. पुरामुळे तीन आठवडे येता आलं नाही. आता पहिल्यापासून करायचं का?

सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ४० फुटांवर गेलं की आम्ही स्वतःच सेशन बंद ठेवतो. २०१९ ला तर ऑगस्टचा मोठा भाग तसाच गेला. दोन-तीन आठवड्यांच्या खंडानं सगळं पुसलं जात नाही. परत आल्यावर पहिली एक-दोन सेशन मूल अडखळतं, मग गाडी रुळावर येते. चार-पाच सेशन झाली असताना दोन महिने खंड पडला, तर मात्र जवळपास नव्यानंच धरा. पंचविसाव्या सेशननंतरचा खंड तितका महागात पडत नाही. तालमीतल्या पोराला विचारा: सहा महिने माती अंगाला लागलेला आणि पंधरा दिवस लागलेला, दोघांच्या महिनाभराच्या सुट्टीत फरक असतोच.

१४. ‘बूस्टर’ घ्यावंच लागतं का? दर तीन महिन्यांनी या म्हणतात.

सरसकट ठरलेलं असं काही नाही. घसरण दिसली तर तीन-चार सेशन घेऊन बघता येतात. काही दिसत नसताना कॅलेंडर बघून घ्यायचं बूस्टर म्हणजे जवारी उत्तम वाजत असताना घोडी घासणं. वर्षभराचे पैसे आगाऊ मागितले तर सरळ नाही म्हणा.

१५. वर्षभर छान होता, आता परत पहिल्यासारखा. गुण गेला का?

कदाचित गेला. पण आधी बाकीचं तपासा. माझ्याकडे ‘असर गेला’ म्हणून परत आलेल्या एका मुलीला फळ्यावरचं दिसत नव्हतं, चष्मा लागला होता. एक जण पाचवीत नव्या शाळेत गेला होता आणि मागच्या बाकावर साठाव्या नंबरला बसत होता. एकाच्या घरी नवा मोबाईल आला होता आणि झोप साडेअकरावर गेली होती. एकाच्या आईनं गोळी बंद करून महिना झाला होता, ते सांगायचं राहिलं होतं.

झोप, डोळे, कान, शाळा, औषध, घरातलं काही मोठं दुःख. हे सगळं जागच्या जागी असूनही घसरण दोन महिने राहिली, तर मग प्रश्न १४. वय वाढलं की मागणीही वाढते, हेही ध्यानात घ्या. चौथीला पुरलेलं लक्ष आठवीला पुरेलच असं नाही. त्यात काही गेलं नाही, ओझं वाढलं.

१६. स्क्रीनवर पॉइंट भरपूर पडतात, घरी काडीचा फरक नाही. का?

ही माझीच फजिती सांगते. पलूसकडचा एक नऊ वर्षांचा मुलगा होता. बीटा झरझर वर, पॉइंट धो धो, आई खूश, मी खूश. सहा सेशन असंच. एके दिवशी तो वेफर्स खात बसला होता आणि त्याच्या कानशिलावरचा स्नायू हलताना मी पाहिला. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला: सेशनमध्येही तो तसाच हलायचा. पठ्ठ्या जबडा आवळून पॉइंट मिळवत होता. स्नायू आवळला की जलद लहरींचा जो गोंगाट उठतो तो मशीनला बीटासारखाच वाटतो. पोरगं हुशार, मेंदूपेक्षा जबडा सोपा हे त्यानं आधी ओळखलं. ती सहा सेशन मी पैसे न घेता पुन्हा घेतली.

जे शिकलंच गेलं नाही ते टिकणार कुठून? डोळ्यांच्या उघडझापीनंही खोट्या संथ लाटा उमटतात. म्हणून विचारा: स्नायू आणि डोळ्यांचा गोंगाट वेगळा काढता का? शेवटच्या टप्प्यात स्क्रीनवरचं बक्षीस बंद करून मुलाला तसंच करायला लावता का? जर्मनीतल्या पद्धतीत असे विना-चित्राचे फेरे मुद्दाम असतात, कारण शाळेत चित्र उजळत नाही. आम्ही शेवटची सेशन वही-पेन्सिल देऊन, गणितं सोडवत घेतो.

१७. ऑनलाइन मिळणारा हेडबँड घेतला तर? घरीच रोज करता येईल.

ध्यानाची गोडी लागायला ठीक आहे. पण बहुतेक पट्टे कपाळावर बसतात, आणि कपाळ म्हणजे डोळ्यांच्या आणि भुवयांच्या हालचालींचं माहेरघर. प्रश्न १६ मधली फसगत तिथे पावलोपावली, आणि बघायला कोणी नाही. त्यावर टिकाऊ उपचाराचे इमले बांधू नका.

१८. टिकलंय की नाही हे घरी कसं ओळखायचं?

‘बरा आहे हो आता’ हे माप नव्हे. सुरू करायच्या आधीच तीन मोजता येतील अशा गोष्टी लिहा. उदाहरणार्थ, गृहपाठ संपवायला किती वेळा आठवण करावी लागते, जेवताना किती वेळा उठतो, आठवड्यात काय काय हरवून येतो. एक आठवडा रोज लिहा, कागदावर तारीख घाला, कपाटात ठेवा. ट्रेनिंग संपल्यावर तसाच एक आठवडा, आणि सहा महिन्यांनी अजून एक, जुने कागद न बघता. जमलं तर अशा एका बाईंना किंवा सरांना विचारा ज्यांना ट्रेनिंगबद्दल काहीच माहीत नाही. ट्यूशनवाल्या बाईंनी आपणहून ‘काय करताय हो याला?’ विचारलं, तर ते माझ्या वीस आलेखांपेक्षा मोलाचं.

१९. वाईट परिणाम झाला तर तोही टिकतो का?

डोकं दुखणं, थकवा, चिडचिड, झोप बिघडणं हे काहींना होतं. बहुधा त्याच दिवशी किंवा पद्धत बदलली की जातं. दोन सेशन सलग तसं झालं तर गप्प बसू नका, सांगा. मोठी आणि न दिसणारी हानी वेगळीच आहे: याच्या नादात वर्षभर योग्य उपचार पुढे ढकलला जाणं. ते वर्ष परत मिळत नाही.

२०. ‘कायमस्वरूपी गुण, लेखी गॅरंटी’ असं एकीकडे सांगितलं. तुम्ही का देत नाही?

कारण वरची एकोणीस उत्तरं. गॅरंटी देणाऱ्याला तीन गोष्टी विचारा: सहा महिन्यांनी मुलांना परत कोण तपासतं, तपासणाऱ्याला काय माहीत असतं, आणि ज्यांना फरक पडला नाही असे किती. तिसऱ्या प्रश्नाला ‘असं कोणी नाही’ हे उत्तर आलं की चहा पिऊन निघा. सेशन घेणाऱ्याचं शिक्षणही विचारा. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असेल तर भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी असते, तिचा क्रमांक मागायला लाजू नका.

२१. सासऱ्यांना डोक्याला मार लागलाय, वय ६२. या वयात शिकलेलं टिकेल?

वय आडवं येत नाही, शिकणं सावकाश होतं एवढंच. डोक्याला मार लागलेल्यांवर बेंगळुरूच्या निम्हान्समध्ये (मानसिक आरोग्य आणि मेंदूविकारांची राष्ट्रीय संस्था) न्यूरोफीडबॅकचं काम झालेलं आहे, तिथे किंवा तुमच्या न्यूरॉलॉजिस्टकडे आधी विचारा. मार लागल्यानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत मेंदू आपणहूनही सुधारतो, तेव्हा त्या काळातलं श्रेय कोणाला द्यायचं हे ठरवणं अवघड जातं. प्रश्न ७ चीच ही मोठ्यांमधली आवृत्ती.

२२. बावीस सेशन झालीत आणि आमची बदली पुण्याला झालीय. उरलेली तिकडे केली तर चालतील की गुण वाया जाईल?

चालतात. निघण्यापूर्वी मागच्या केंद्राकडून एवढं लेखी घ्या: चकत्या डोक्यावर कुठे लावत होते, कोणती लाट वाढवत आणि कोणती कमी करत होते, सेशनची संख्या आणि तारखा, मधल्या अडचणी. सॉफ्टवेअर वेगळं असेल तर पॉइंटांची तुलना करू नका, तिकडचे दोनशे आणि इकडचे दोनशे एक नव्हेत. नव्या ठिकाणी पहिल्यापासून चाळीस करायला सांगितलं तर कारण विचारा. पटलं तर करा, पण आधी प्रश्न १८ मधले कागद काढून बघा. बावीस सेशनमध्ये आठवणींचा आकडा हललाच नसेल, तर पुण्यात पहिल्या महिन्यात केंद्र शोधू नका. नवी शाळा, नवं घर यातून पोराला आधी सावरू द्या.